चौकोनी सुरांना मात्रांचा जाच

माननीय संपादक,

रविवारच्या पुरवणीतला, घरबसल्या संगीत लिहिण्याच्या सॉफ्टवेअरवरचा लेख वाचला. गिटार-कीबोर्डवाल्यांची त्यात चांगली सोय आहे. माझी अडचण त्यात बसत नाही, म्हणून हे पत्र.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. वसईतल्या आमच्या चर्चच्या गायकवृंदात चाळीसेक वर्षं गातोय. गाण्यांचे कागद तयार करणं माझ्याच गळ्यात. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आमची मराठीतच असते, पण ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात एखाद-दुसरं लॅटिन स्तोत्र जुन्या ग्रेगोरियन, म्हणजे चर्चच्या पुरातन एकसुरी चालीत व्हायलाच हवं, असा ज्येष्ठांचा हट्ट. या चाली पाच नव्हे, चार रेषांवर लिहितात. सूर चौकोनी, ताल नाही, मात्रांची घरं नाहीत; शब्द नेईल तशी चाल जाते. (पाश्चात्त्य संगीताचं ‘ऊत रे मी’, म्हणजे त्यांचं सा रे ग, ज्या स्तोत्रातून निघालं ते संत योहानचं. गोव्यात 24 जूनला, सांजावला, ज्यांच्या नावानं विहिरीत उड्या मारतात तेच हे योहान.) आलापाला केरवा लावून बघा, म्हणजे हे मात्रांत कोंबल्यावर काय होतं ते कळेल.

मी नेमकं तेच केलं. एका दुकानदारानं “यात सगळं होतं, सर” म्हणून महागडं सॉफ्टवेअर माथी मारलं. त्याला चार-चार मात्रांची घरं हवीतच. घर भरलं नाही की ते आपणहून विराम टाकी. पवित्र गुरुवारच्या मिरवणुकीत गायच्या ‘पांजे लिंग्वा’ या स्तोत्रामधल्या ‘ग्लोरिओझी’ या शब्दाच्या पोटातूनच उभी रेघ गेली. त्या दिवशी ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर वाद्यं गप्प असतात, सगळी भिस्त कागदावर. आम्ही अकरा जण कागदाबरहुकूम गायलो आणि मिरवणूक शाळेच्या संचलनासारखी निघाली. एका आजींनी नंतर विचारलं, “आज कुठं जायची घाई होती का रे?”

मग शोधाशोध. म्यूझस्कोर हे संगीत लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगलंही आहे. घरांच्या रेघा आणि सुरांचे देठ लपवले की काम भागतं, पण ते सोंगच. खरी चीज ‘ग्रेगोरिओ’ निघाली. तीही मोफत. यात सूर काढायचे नसतात, टाइप करायचे. शब्दाचा एकेक अवयव (उच्चाराचा तुकडा) लिहायचा आणि पुढे कंसात इंग्रजी अक्षर: सगळ्यात खालची रेघ डी, तिच्यावरची जागा ई, पुढची रेघ एफ. जी-एच लिहिलं की खालच्या सुराच्या डोक्यावर वरचा सूर चढून बसतो, तो पोदातुस. एच-जी लिहिलं की उतरता क्लिविस. पान मांडायचं काम लुआटेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम करतो. पहिले आठ दिवस कुठंतरी एक कंस बंद करायचा राहायचा आणि पानच यायचं नाही. बीजगणिताचे पेपर तपासलेल्या माणसाला तेवढं चालतं. शिवाय ग्रेगोबेस या संकेतस्थळावर हजारो चाली लोकांनी आधीच टाइप करून ठेवल्यात. सोळाव्या शतकातलं, पालेस्त्रिना या इटालियन संगीतकाराच्या काळचं बहुस्वरी गायन जुन्या लिपीत हवं असेल तर लिलीपाँड बघावं. तेही टाइप करूनच चालतं.

या टाइप करण्यातच मला मोठा फायदा दिसतो. फिनाले हे नावाजलेलं सॉफ्टवेअर पस्तीस वर्षांनी, ऑगस्ट 2024 मध्ये, कंपनीनं थांबवलं. वापरणाऱ्यांना आपल्या जुन्या फायली दुसरीकडे हलवायची धावपळ करावी लागली. माझी फाइल नोटपॅडमध्येही उघडते, पेन्सिलनं वहीत उतरवता येते. आपली भातखंड्यांची स्वरलिपी तरी दुसरं काय आहे? अक्षरं आणि चार खुणा.

आता अडलंय ते देवनागरीपाशी. एक स्तोत्र मराठी शब्दांत बसवून पाहिलं तर ‘ख्रिस्त’ची जोडाक्षरं सुटी पडली. अक्षरं जोडून दाखवणारी हार्फबझ ही सोय चालू केल्यावर ती जुळली. पण कोणत्या अक्षरावर सूर मध्यावर धरायचा ते ठरवताना प्रोग्रॅम लॅटिन स्वर शोधतो, त्याला आपली काना-मात्रा कळत नाही. सध्या प्रत्येक अवयवाला हातानं महिरपी कंस घालतो. एका पानाला सगळी दुपार जाते. आपल्या वाचकांत लुआटेक जाणणारं कुणी असेल, तर त्यांनी याच सदरातून उपाय कळवावा. अकरा प्रतींचं काम आहे आणि चष्म्याचा नंबर पुन्हा वाढलाय.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वसई