मुंबई संपली, असं परत म्हणू नका

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सगळं बोलणं झालंच नाही. आईने सुरुवातीलाच "मुंबईत जाऊन हॉटेलात उतरलात?" हा विषय धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. आई, डोंबिवलीला आत्याकडे उतरलो असतो तर रोजचे तीन तास लोकलमध्ये गेले असते, शिवाय जेवल्याशिवाय तिने घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. मुलांना सासूबाईंजवळ ठेवून कितीतरी वर्षांनी दोघंच निघालो होतो. फोर्टात खोली मिळाली, लिफ्ट होती, गरम पाणी होतं. झालं की.

खरं तर गोव्याचं चाललं होतं. तुमचे जावईच म्हणाले, "जन्म गेला तुझा जिथे, ते दाखव की एकदा." माझी मुंबई केवढी, तर घर ते शाळा, घर ते चर्नी रोड, तिथून कॉलेज आणि मे महिन्यात राणीची बाग. बाकीची मुंबई मीसुद्धा या नागपूरकराच्या बरोबरीनेच पाहिली म्हणा ना.

बाबा, आता तुमच्याशी. गावी गेल्यापासून तुमचं एकच पालुपद आहे, मुंबई संपली. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

हुतात्मा चौकात मेट्रोत बसलो. सीएसएमटी, काळबादेवी आणि तिसरं स्टेशन गिरगाव! वर आलो तर समोर जगन्नाथ शंकरशेठ रस्ता. आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटरची ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरी सुरू झाली, आणि ती जवळजवळ सगळी जमिनीखालून जाते. "आमच्याकडे २०१९ पासून मेट्रो आहे," असं जावयांनी ऐकवून घेतलंच. मी म्हटलं, तुमची खांबांवरून धावते, गिरगावच्या पोटात शिरून दाखवा. या स्टेशनांसाठी काळबादेवी-गिरगावातल्या इमारती पाडल्या, माणसं वर्षानुवर्षं दुसरीकडे भाड्याने राहिली, हे तुम्ही पेपर वाचून मला फोनवर सांगायचात. तो राग मला कळतो. पण खाली जायला सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, डबा गार असतो आणि दुपारच्या वेळी बसायला मिळतं. आईच्या गुडघ्यांना चर्नी रोडचा पूल आठवत असेल, त्यांना हे सांगा.

आपली चाळ उभी आहे. मला वाटलं होतं टॉवर झाला असेल. मागच्या बाजूला लोखंडी टेकू लावलेत, पुनर्विकासाची मीटिंग दर महिन्याला होते आणि दर महिन्याला मोडते, असं समोरच्या काकू सांगत होत्या. त्यांनी चहा केला, तुमची चौकशी केली, मग तासभर बिल्डरची चौकशी केली. जावयांना गॅलरी फार आवडली. "काय मोकळं वाटतं!" म्हणाले. मी त्यांना गॅलरीच्या टोकाचे संडास दाखवले आणि पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हाची रांग वर्णन करून सांगितली. मग ते गप्प. खरं सांगू? मला ती चाळ परत नको आहे. काकूंना तरी कुठे हवी आहे, त्यांना फक्त तिथेच, त्याच गल्लीत, स्वतःच्या संडासाची दोन खोल्यांची जागा हवी आहे. हे मागणं काही फार नाही.

विनयमध्ये मिसळ खाल्ली. तर्री कमी, अशी नागपुरी तक्रार आली, ती मी नोंदवून घेतली नाही.

रविवारी सकाळी ओव्हल मैदानाभोवती पायी फेरी केली. माहिती सांगणारी मुलगी विरारहून पहिल्या गाडीने आली होती, आणि ती मला, गिरगावच्या मुलीला, मुंबई समजावून सांगत होती. बाबा, तुम्ही रोज चर्चगेटला उतरून ओव्हलमधल्या पायवाटेने ऑफिसला जायचात ना? तुमच्यासमोर असायचा राजाबाई टॉवर, तुम्ही त्यावर घड्याळ लावायचात. तो प्रेमचंद रायचंदांनी आईच्या नावाने बांधवला, १८७८ मध्ये पुरा झाला, आणि ज्या गिल्बर्ट स्कॉटने आराखडा काढला तो मुंबईत कधी आलाच नाही. पण तुमच्या पाठीमागे काय होतं? समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवरच्या, १९३०-४० च्या काळातल्या इमारतींची रांग. सिमेंट-काँक्रीट तेव्हा नवलाईचं होतं, म्हणून कोपरे गोल वळवता आले, खिडक्यांवर पातळ छज्जे भुवयांसारखे काढता आले. फाटकांच्या जाळीत उगवत्या सूर्याची किरणं आहेत. इरॉस थिएटरही त्याच घराण्यातलं, १९३८ चं. एका बाजूला टोकदार कमानी, दुसऱ्या बाजूला हे गोल कोपरे, मध्ये क्रिकेट. ही दोन्ही मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. जावई म्हणाले, "बाबांनी एकदाही मागे वळून पाहिलं नसेल का?" मी म्हटलं, नऊ पन्नासच्या मस्टरला मागे बघायची सोय नव्हती.

तिथून सीएसएमटीकडे आलो आणि नवी डबल डेकर पकडली. विजेवरची, एसी. वरची पुढची सीट मिळवायला आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे धावलो. काचा उघडत नाहीत, तोंडावर वारा येत नाही. हा मुद्दा तुमचा, मान्य. सप्टेंबर २०२३ मध्ये जुनी लाल डबल डेकर बंद झाली, पुढच्याच महिन्यात पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा तुम्ही फोन करून सांगितलंत की आता काही उरलं नाही. पण बाबा, ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम गेली ती पाहायला आजोबा तुम्हाला घेऊन बोरीबंदरला गेले होते, आणि गर्दीतून परतताना म्हणाले होते, "संपली मुंबई." ही गोष्ट तुम्हीच तर आम्हाला हसत हसत सांगायचात. तुम्ही तेव्हा सतरा वर्षांचे, तुमच्या मुंबईला त्यानंतर कुठे सुरुवात झाली!

कोस्टल रोडनेही गेलो. मरीन ड्राइव्हवरून बोगद्यात शिरलो, मलबार हिल डोक्यावर, आणि बोलता बोलता वरळी. टॅक्सीवाला खूश होता. मला मात्र तो रस्ता मोटारवाल्यांसाठी केलेला वाटला, काकूंना त्याचा काय उपयोग? समुद्राकाठची नवी पायवाट छान आहे, तेवढी बघू.

बघू म्हणजे तुम्ही आणि आम्ही. फेब्रुवारीत या. जनशताब्दी की मांडवी, ते आईने ठरवावं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून आताच सांगते. खोली आम्ही त्याच ठिकाणी घेऊ, आम्ही नागपूरहून येऊ. आईने गुडघ्याचा पट्टा आणि नवा चष्मा आणावा, रात्रीच्या गोळ्या वेगळ्या डबीत घ्याव्यात. बाबा, तुम्ही काही आणू नका. ओव्हलवर सकाळी, उन्हाच्या आधी जाऊ आणि या वेळी चर्चगेटकडे तोंड करून चालू.

तारखा आईला विचारून कळवा. तिच्याकडे कॅलेंडर असतं, तुमच्याकडे सबबी.

तुमची,
धाकटी