गेमची परीक्षणं मुलांकडून लिहून घ्या

प्रति,
संपादक,

सप्रेम नमस्कार.

मुलं आणि मोबाइल गेम या विषयावर आपल्या रविवार पुरवणीत पुन्हा एकदा पानभर लेख आला. मानसोपचारतज्ज्ञ बोलले, पालक बोलले, एक मुख्याध्यापिकाही बोलल्या. मुलांपैकी मात्र कोणालाच विचारलेलं दिसलं नाही, आणि अख्ख्या पानात एकाही गेमचं नाव नव्हतं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हाही तुम्ही भरभरून छापलंत, पण तो विषय जुगाराचा होता. नवं नाटक कसं आहे हे आम्हाला तुमच्याकडून कळतं. सिनेमाला तुम्ही तारे देता, नव्या मिसळीच्या हॉटेलालाही देता. घरातली पोरं ज्यात रोज तास-दोन तास घालवतात तो गेम बरा की टुकार, हे सांगायला मात्र मराठी वृत्तपत्रात कोणी नाही.

हे काम शाळकरी मुलं उत्तम करू शकतात. एका मासिकानं चाळीस वर्षांपूर्वी ते करून दाखवलं होतं.

इंग्लंडात श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या सीमेपासून जवळ, लडलो नावाचं एक जुना किल्ला असलेलं बाजाराचं गाव आहे. तिथून फेब्रुवारी 1984 मध्ये ‘क्रॅश’ नावाचं मासिक निघालं. रॉजर कीन आणि ऑलिव्हर व फ्रँको हे फ्रे बंधू, अशा तिघांचा हा उद्योग. सुरुवातीला ते टपालानं गेमच्या कॅसेट विकत आणि त्यासाठी एक सूचिपत्र काढत. त्या सूचिपत्राचंच पुढे मासिक झालं. म्हणजे विकणाराच परीक्षक! आज कोणी असं केलं तर आपण नाक मुरडू. पण या मंडळींनी परीक्षण करायला बोलावलं ते गावातल्या शाळेतल्या मुलांना. शाळा सुटली की पोरं किंग स्ट्रीटवरच्या कचेरीत यायची, कॅसेट लावायची, खेळायची आणि मत द्यायची.

मासिक होतं फक्त झेडएक्स स्पेक्ट्रमवाल्यांसाठी. एप्रिल 1982 मध्ये आलेला हा सिंक्लेअर कंपनीचा रबरी बटणांचा संगणक. घरच्या टीव्हीला जोडायचा, साध्या टेपरेकॉर्डरवरून प्रोग्रॅम भरायचा. मोठ्या मॉडेलची मेमरी 48 के, म्हणजे किलोबाइट, किंमत 175 पौंड. कॅसेट लावली की किरकिर आवाज, पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे, पाचेक मिनिटांची वाट, आणि शेवटी बऱ्याचदा ‘आर टेप लोडिंग एरर’. मग बारीक स्क्रूड्रायव्हरनं टेपच्या हेडचा स्क्रू किंचित पिळायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हाची बहुतेक संगणक मासिकं प्रोग्रॅमच्या लिस्टिंगनं, म्हणजे ओळीन् ओळ छापलेल्या प्रोग्रॅमनी, भरलेली असत. वाचकानं संध्याकाळभर ओळी टाइप करायच्या आणि एका स्वल्पविरामापायी सगळं मुसळ केरात. ‘क्रॅश’नं लिस्टिंगना फाटा दिला आणि पानं गेमच्या परीक्षणांना दिली. पाच-साडेपाच पौंडांची कॅसेट म्हणजे पोरांचा कित्येक आठवड्यांचा खाऊचा पैसा. कॅसेटच्या वेष्टनावर वाघ-सिंह, तलवारी, अंतराळयानं. आत पडद्यावर चार ठिपके. विकत घेण्याआधी चालवून पाहायची सोय क्वचितच. अशा वेळी ‘हा घेऊ नका’ असं आपल्याच वयाच्या कोणीतरी छापून सांगणं ही केवढी सोय होती!

त्यांची पद्धत मला आजही बिनतोड वाटते. आधी गेम काय आहे याचं सरळ वर्णन. मग चौकटींत तीन परीक्षकांची तीन मतं, सुरुवातीच्या वर्षांत नाव न देता. ती जुळलीच पाहिजेत अशी सक्ती नव्हती. एकाला गेम डोक्यावर घ्यावासा वाटायचा, दुसऱ्याला पंधरा मिनिटांत कंटाळा आलेला असायचा, आणि दोन्ही शेजारी शेजारी छापून यायचं. संपादकानं मध्ये पडून तडजोडीचा सूर लावायचा नाही. शेवटी टक्के: संगणकाचा वापर, चित्रं, खेळण्यातली मजा, सुरुवात करणं किती सोपं, किती खिळवून ठेवतो, पैसे वसूल होतात का, आणि एकूण. एकूण नव्वदच्या घरात गेलेल्या गेमला ‘क्रॅश स्मॅश’चा शिक्का. मासिकात पानपानभर जाहिराती देणाऱ्या कंपन्यांच्या गेमनाही हे पोरगे खालचे गुण देत. (टक्क्यांचा सोस मला तेव्हाही कळला नाही. सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशीमध्ये नेमका काय फरक, हे बोर्डालाही सांगता येणार नाही.)

वाचकांच्या पत्रांचं सदर लॉइड मँग्रम नावाचे गृहस्थ चालवत. जुनाट टाइपरायटर बडवणारे, खोचक उत्तरं देणारे. हे गृहस्थ अस्तित्वातच नव्हते. कचेरीतलेच कोणी ना कोणी त्या नावानं लिहायचे. आपल्याकडे पत्रं वाचणारे तसे नसावेत असं धरून चालतो. तर या मँग्रमसाहेबांकडे अमुक गेमला इतके टक्के दिलेच कसे, म्हणून भांडणारी पोरांची पत्रं यायची आणि ती छापली जायची. बारा-चौदा वर्षांचं पोर मुद्दा मांडतंय, पुरावा देतंय, पुढच्या अंकात त्याला दुसरं पोर उत्तर देतंय. निबंधाच्या वहीत हे शिकवायला आपल्याला जमलेलं नाही.

युक्त्यांच्या पानावर ‘पोक’ असत, म्हणजे संगणकाच्या मेमरीत ठरावीक जागी आपला आकडा भरायच्या आज्ञा. ‘जेट सेट विली’ या गेममध्ये मेमरीतल्या 35899 या पत्त्यावर शून्य भरलं की जीव संपतच नाहीत. ती चोरवाटच, पण तिच्यामुळे मुलांना कळायचं की पडद्यावरचा माणूस मरतो म्हणजे कुठेतरी एक आकडा एकानं कमी होतो, आणि तो आकडा आपल्या हातात असतो. पुढे प्रोग्रॅमिंगकडे वळलेल्या कित्येकांची सुरुवात अशाच खोडीतून झाली.

सगळं गोडच होतं असं नाही. ऑलिव्हर फ्रेंची मुखपृष्ठं चित्रकला म्हणून झकास, पण रक्त आणि राक्षस इतके की आयांनी अंक लपवावा. मुलींना त्या जगात जवळजवळ जागाच नव्हती. आणि मस्ती कधी कधी अंगाशी यायची. 1985 मध्ये एकोणिसाव्या अंकात त्यांनी ‘सिंक्लेअर यूजर’ या प्रतिस्पर्धी मासिकाची टर उडवणारी पानं छापली. ते मासिक काढणारी एमॅप कंपनी कोर्टात गेली, मनाई आली, आणि ती पानं काढून टाकल्यावरच अंक बाजारात जाऊ शकला. तरी पुढच्याच वर्षी खप लाखावर पोचला होता. 1991 मध्ये ‘क्रॅश’ काढणारी न्यूजफील्ड ही प्रकाशन संस्था बुडाली. दुसऱ्या प्रकाशकानं अंक काही महिने चालवला आणि एप्रिल 1992 च्या अठ्ठ्याण्णवाव्या अंकानंतर तो ‘सिंक्लेअर यूजर’मध्येच विलीन केला. दैव कसं हसतं पाहा.

आपल्याकडे त्याच काळात, 1984 मध्ये, सरकारनं ‘क्लास’ या संगणक साक्षरतेच्या प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक दिले. 1986 मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ भारतात आणला. आमच्या आळीत एकाच घरी असा संगणक होता, आणि त्यांच्या लेस्टरच्या नातेवाइकांनी पाठवलेला ‘क्रॅश’चा एक गठ्ठा. गेम मोजून चार-पाच, परीक्षणं मात्र शेकड्यांनी. लग्नाचं रुखवत पाहून जेवणाआधीच घरी परतावं तसा प्रकार. पण आम्ही ते अंक झिजेपर्यंत वाचले. न पाहिलेल्या गेमवरही आमची मतं तयार असत आणि त्यावरून भांडणं होत. इंग्रजी माझं सुधारलं ते त्या चौकटींमुळे.

आता मुद्द्याचं. आजचा गेम फुकट उतरवता येतो, पण पैसे कुठे लागतात ते आत गेल्यावर कळतं. दर दोन मिनिटांनी जाहिरात येते का? कितव्या लेव्हलपासून ‘रत्नं विकत घ्या’ सुरू होतं? आईच्या जुन्या फोनवर चालतो की अडकतो? अनोळखी माणसं चॅटमध्ये घुसतात का? नेट गेलं तर खेळता येतो का? यातलं काहीही तज्ज्ञांना सांगता येत नाही, कारण त्यांनी तो खेळलेलाच नसतो. माझी भाची आठवीत आहे. एखाद्या गेमची जाहिरात खरी किती आणि थापा किती, हे ती अर्ध्या मिनिटात सांगते, आणि तेही अस्सल कोल्हापुरी शब्दांत. तिचं ऐकून मी माझ्या फोनवरून दोन गेम उडवले.

माझी विनंती एवढीच: पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धं पान काढून ठेवा. एक गेम, तीन मुलं, त्यातली किमान एक मुलगी आणि एखादं तालुक्याच्या गावचं. तिघांची मतं वेगळी आली तर तशीच छापा, भाषा फार चाळून घेऊ नका. टक्के नकोत, ‘आपल्या पैशानं घेशील का?’ एवढं विचारा. गेम कंपनीकडून ना जाहिरात घ्यायची, ना भेटवस्तू. पालकांची लेखी परवानगी हवीच, आणि मुलांची आडनावं छापायची गरज नाही. मानधन मात्र द्या, पुस्तकांच्या कूपनच्या रूपानं का होईना. पहिल्या महिन्यात पत्रांचा पाऊस पडेल, त्यातली निम्मी रागावलेल्या आईबापांची असतील. तीही छापा, आणि उत्तर त्या मुलांनाच लिहू द्या.

आपला,
एक वाचक, ठाणे (पूर्व)

ता. क. ‘क्रॅश’चे जुने अंक इंटरनेट आर्काइव्हवर वाचायला मिळतात. संपादकीय विभागातल्या कोणी सुरुवात करायची असेल तर 1984 च्या अंकांपासून करावी. नंतरच्या अंकांत रंगीत पानं वाढली आणि परीक्षणं आखडली.