ब्लाइंड आय आणि आपला कानाडोळा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. उशिरा गेलेल्या मालाबद्दल साहेबांनी 'वी कॅनॉट टर्न अ ब्लाइंड आय टु धिस' असं लिहिलं, आणि 'त्यांना नीट दिसलं नसेल' म्हणून तू सगळे आकडे पुन्हा पाठवलेस! वाचलं आणि लगेच लिहायला बसलो.

अरे, ज्याला दिसलंच नाही त्याच्याबद्दल इंग्रजीत असं म्हणत नाहीत. आधी दिसावं लागतं. मग न दिसल्यासारखं वागायचं.

याच्याशी जोडलेला प्रसंग २ एप्रिल १८०१ चा, कोपनहेगनच्या समुद्रातला. डॅनिश तोफा आग ओकत होत्या, इंग्रजांची तीन जहाजं उथळ पाण्यात रुतलेली. वरिष्ठ सेनापती हाइड पार्कर दूर होता. त्याने लढाई थांबवण्याचा निशाणी-संदेश चढवला. त्याच्या हाताखालचा इंग्रज आरमारी अधिकारी नेल्सन 'एलिफंट' जहाजावर होता. त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी १७९४ मध्येच कॉर्सिकातल्या काल्वीच्या वेढ्यात गेली होती. सांगतात, की त्याने दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि म्हणाला, मला संदेश खरंच दिसत नाही. लढाई चालू राहिली आणि इंग्रज जिंकले. दुर्बिणीचा तपशील काही इतिहासकारांना पटत नाही. मला मात्र त्यातलं एक महत्त्वाचं वाटतं: संदेश आल्याचं नेल्सनला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून 'दुर्लक्ष' हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. दुर्लक्ष नकळतही होतं. आपला कानाडोळा जास्त जवळचा. लहानपणी मला वाटायचं, यात कान आणि डोळा दोन्ही आहेत. पण काणाडोळा असंही लिहितात, आणि काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. दोन भाषांना एकच अधू डोळा सुचावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आमच्या अण्णांना मधुमेह होता, तुला माहीतच आहे. शेवटच्या वर्षी रात्री गुळाचा डबा उघडल्याचा आवाज यायचा. मी उठून दारापर्यंत जायचो, त्यांना खडा तोंडात टाकताना बघायचो आणि तसाच मागे फिरायचो. आईने विचारलं तर 'झोपलो होतो' म्हणायचो. तो कानाडोळाच होता. बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वापरताना एवढं सांभाळ: 'आय' एकवचनीच ठेव, आणि पुढे 'टु' येतो, 'ऑन' किंवा 'ॲट' नाही. विनंती, तक्रार ऐकून न ऐकल्यासारखं करायचं असेल तर 'टर्न अ डेफ इअर'.

साहेबांना सगळं दिसलेलं आहे. त्यांना आकडे नकोत, माल पुढे वेळेवर कसा जाईल ते हवंय. आजच कळव त्यांना.

तुझाच,
बालमित्र