बाबांच्या घोट्याबद्दल, फोनवर न सांगता आलेलं

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "दीड-दोन तासांचं तर काम आहे!" ऑपरेशनपुरतं ते खरं आहे, आणि त्या दोन तासांत तुम्हाला काही करायचंही नाही. तुमचं काम घरी आल्यावर सुरू होतं. माझा घोटा मोडला तेव्हा प्लेट आणि सात स्क्रू डॉक्टरांनी बसवले. पुढे सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, एवढंच माझ्याकडे होतं. तेच मला नीट जमलं नाही.

हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. अकराव्या रात्री झोपेतच उठले आणि बाथरूमकडे निघाले. पायाला प्लास्टर आहे हे डोक्यातून पार गेलं होतं. एकच पाऊल पडलं. घोट्यातून अशी कळ गेली की पलंगाची कड धरून तिथेच खाली बसले आणि सकाळपर्यंत जागी राहिले. एक्स-रेत सगळं जागच्या जागी निघालं, ते माझं नशीब. तुमचं तर सांधाच जोडायचं ऑपरेशन आहे, बाबा. झिजलेली कूर्चा काढून नडगीचं हाड आणि घोट्याचं हाड स्क्रूने एकमेकांवर आवळणार. पण स्क्रू फक्त धरून ठेवतात, जोडतं ते हाड, आणि त्याला वेळ लागतो. सहा आठवड्यांनी एक्स-रे बघून डॉक्टर थोडा भार टाकायला सांगतीलही, पण प्लास्टर किंवा घोट्याला आधार देणारा बूट, हे सगळं धरून तीन महिने तरी मनात ठेवा. म्हणून रात्री वॉकर हाताला लागेल इतका जवळ, बारका दिवा चालू आणि लघवीचं भांडं पलंगाशी. तोंड वाकडं करू नका. पहिले काही दिवस लाज वाटेल, मग वाटत नाही.

दुसरं म्हणजे सिगारेट. "दोनच ओढतो" हे मला सांगा, हाडाला सांगून उपयोग नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड सांधायला रक्तच लागतं. सांधा न जुळण्याचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांना जास्त असतो, म्हणून डॉक्टर आधीपासून बंद करायला सांगतात आणि हाड जुळेपर्यंत सुरू करू देत नाहीत. आई, ह्यात तू मध्ये पडू नकोस, मी भांडते.

आई, तुझ्यासाठी: बाबांच्या सगळ्या गोळ्यांची यादी एका कागदावर लिही. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे डॉक्टरच सांगतील. आपल्या मनाने बंद करायची नाही. साखरेचा रिपोर्ट बरोबर घे. आणि आदल्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत चीर किंवा जखम आहे का, ते चांगल्या उजेडात बघ. असली तर लपवू नका, ऑपरेशन पुढे ढकलतील, ढकलू देत.

पायाची नस बधिर करणारं इंजेक्शन देतील. घरी आलात तरी पाय लाकडासारखा आणि बाबा एकदम खुशीत. तिथेच फसायला होतं. बारा ते चोवीस तासांत तो असर उतरतो आणि तोही बहुधा रात्रीच. कळ यायची वाट न बघता वेदनेची गोळी सांगितलेल्या वेळेला द्यायची. मी "अजून दुखत नाही" म्हणून थांबले होते. पहाटे तीनला काय झालं ते लिहीत नाही.

पहिले दोन आठवडे, टाके निघेपर्यंत, पाय छातीपेक्षा वर हवा. स्टुलावर ठेवला म्हणजे वर झाला असं नाही. आडवं पडून पोटरीखाली उशा. पाय खाली सोडला की बोटं जांभळट होतात, ती वर घेतल्यावर पूर्ववत झाली तर घाबरू नकोस. पण वर ठेवूनही निळी, गार किंवा बधिर राहिली, गोळीनेही कळ थांबेना, पोटरी दुखून सुजली, तर लगेच डॉक्टरांना फोन. आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनात वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल. शिरेत रक्ताची गाठ झाली की असं होतं. प्लास्टरच्या आत खाज सुटेल, तेव्हा विणायची सुई लपवून ठेव. बाबांना ओळखते मी.

वॉकर धरला की दोन्ही हात गेले. पाण्याचा पेलासुद्धा इकडून तिकडे नेता येत नाही, रडू ह्यानेच येतं. गळ्यात अडकवायची पिशवी आणि घट्ट झाकणाची बाटली, ह्यावर माझे सहा आठवडे निघाले. तुम्ही आत्तापासून खुर्चीचे हात दाबून अंग वर उचलायचा सराव करा, बाबा. सगळा भार मनगटांवर आणि खांद्यांवर येणार आहे.

पुढे "अर्धा भार टाका" म्हणतील. अर्धा म्हणजे किती, हे पायाला कळत नाही. मी वजनकाट्यावर दुखरा पाय ठेवून काटा वीसवर येईपर्यंत दाबायचे, मग डोळे मिटून पुन्हा. चार दिवसांत पायाला वीस किलो पाठ झाले. प्लास्टर निघेल तेव्हा पोटरी बारीक आणि कातडी सापासारखी निघालेली दिसेल, सूज तर संध्याकाळची वर्षभरसुद्धा येते. घोटा वरखाली होणार नाही, पण पुढचे छोटे सांधे थोडं सांभाळून घेतात.

मी आदल्या दिवशी येते, पंधरा दिवस राहीन. तोवर एक काम करून ठेवा. बाथरूमच्या दाराची रुंदी मोजून कळवा, चौकटीच्या आतून. माझा वॉकर दोन बोटांनी अडला होता. आई, टेप शिवणाच्या डब्यात आहे आणि तूच मोज. बाबा नुसतं बघून आकडा सांगतात.

तुमची,
धाकटी