बावीस बकऱ्यांची कातरणी

कागल
दिवाळीच्या आधीचा रविवार

प्रिय दिग्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी सोप्यात पाय पसरून बसलो होतो. अंगाला लोकरीचा वास असा मारत होता की बायकोनं चहासुद्धा लांबूनच सरकवला. तू विचारलंस, गावाकडं दहा-बारा बकरी घेऊन ठेवली तर कातरणीला वर्षाचं किती धरू? मी दमलेला, "धर हजारभर" म्हणालो आणि ठेवला फोन. रात्री झोप येईना. हजारभर हे उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. म्हणून हे पत्र. फोनवर तू मधेच बोलतोस.

आधी एक सांगतो. पुण्याला जाऊन पंधरा वर्षं झाली तुला, तिथं बकरी म्हटलं की लोकांना शेळी दिसते. आपल्याकडं बकरी म्हणजे मेंढरं, आणि शेळीला शेरडू. गडी ठरवताना नीट सांग, नाहीतर तुझ्या दारात कातरी घेऊन कोणी यायचंच नाही.

माझी बावीस आहेत, सगळी दख्खनी, काळी. आज्जाचा बकऱ्यांचा केवढा वाडा होता ते तू लहानपणी बघितलंयस. आबा कारखान्यात लागले आणि ते सगळं मोडलं. मी तीन वर्षांपूर्वी उसाच्या बांधावरचं गवत वाया जातंय म्हणून सहा पाटी, म्हणजे लहान माद्या, आणल्या, त्यांची बावीस झाली. गेल्या साली कातरणी आबांनी आणि मी दोघांनी केली. आबांचा हात आता कापतो. दोन बकऱ्यांना कातर लागली, एकीच्या जखमेत हळद भरली तरी किडे पडले आणि महिनाभर औषध घालत बसलो. मग मी शहाणपणा केला आणि पाच हजाराचं मशीन मागवलं. तिसऱ्या बकऱ्यावर पातं बोथटलं, हँडल हाताला चटके देऊ लागलं. आपली बकरी रानात बसतात, लोकरीत निम्मी माती असते. धुवून घ्यायला हवी होती. पण बावीस बकरी दूधगंगेवर नेऊन एकेक धुवायची, कोरडी करायची आणि मातीत बसू न देता रात्र काढायची, हे माझ्यासारख्या एकट्याचं काम नाही.

म्हणून यंदा दसरा झाल्यावर सीमेपलीकडचे बाप-लेक बोलावले. फोनवर बाप म्हणाला, नगाला चाळीस रुपये. मी मनात बावीस चोक अठ्ठ्याऐंशी, म्हणजे आठशे ऐंशी, असं करून खूश.

सकाळी आठला दोघं बसले. आदल्या रात्रीपासून बकरी उपाशी ठेवली होती. पोट भरलेलं बकरू आडवं पाडलं की त्याला धाप लागते. बघण्यासारखं काम आहे रे ते. चारी पाय बांधायचे, एका कुशीवर घालायचं, डाव्या हातानं कातडं ताणून धरायचं आणि उजव्या हातानं कातर अंगालगत सरकवत न्यायची. घाई केली की कातडं चिमटलंच. एका बकऱ्याला वीस मिनिटं. लोकर काढल्यावर आत गोचिडांची वसाहत निघाली, कानामागं आणि मांडीत. म्हाताऱ्यानं चार कोकरांचं जावळ वेगळं काढून माझ्या हातात दिलं. "ह्ये मिसळू नका," एवढंच म्हणाला. बाराला उठले. एकीलाही जखम नाही.

जेवण झालं, कोंबडीचा रस्सा केला होता. मग मी आठशे ऐंशी पुढं केले. म्हातारा पैसे न घेता म्हणाला, "पंधराशे."

माझं टाळकं सरकलं. चाळीसनं बावीस, पंधराशे कसे? तो शांतपणे म्हणाला की चाळीस हा पन्नासच्या पुढं बकरी असतील तेव्हाचा दर. मी म्हणालो, मग फोनवर का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तुम्ही किती हाईत ते कुटं सांगितलं?" खरंच सांगितलं नव्हतं. तरी मी आवाज चढवला. शेवटी आबा आतून उठून आले, पंधराशे आणि वर पेट्रोलचे दोनशे त्याच्या हातावर ठेवले आणि माझ्याकडं असं बघितलं की मी बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं परड्यात गेलो.

संध्याकाळी वही काढली. पंधराशे, दोनशे पेट्रोल, चारशेचं जेवण. एकवीसशे. बकऱ्यामागं पंच्याण्णव. आणि लोकर? नऊ किलो भरली. व्यापाऱ्यानं किलोला बारा रुपये सांगितले, म्हणजे एकशे आठ. हसू नको.

पण मग त्या म्हाताऱ्याच्या बाजूनंही हिशोब केला. दोन माणसं, मोटरसायकलवर सकाळी सहाला निघालेली. दुपारी बाराला मोकळी झाली तरी उरलेला अर्धा दिवस ती विकणार कुणाला? बाकी सगळ्यांची बकरी नऊलाच चरायला सुटलेली असतात, पोटं भरलेली असतात. म्हणजे माझ्या बावीस बकऱ्यांनी दोन माणसांचा अख्खा दिवस खाल्ला. माणशी साडेसातशे पडले. आपल्याकडं सेंट्रिंगवरचा गडीही त्याच्या खाली येत नाही, आणि त्याला कातरीला धार लावावी लागत नाही की बकऱ्याची लाथ खावी लागत नाही. मी केसांचा दर करत होतो, तो दिवसाचा करत होता.

तू मागं ऑस्ट्रेलियातला व्हिडिओ पाठवला होतास ना, माणूस केळं सोलावं तशी मेंढी सोलतोय? तिथं मजुरी शेकड्यावर ठरते. 1892 साली क्वीन्सलँडमध्ये जॅकी हाऊ नावाच्या गड्यानं साध्या हातकातरीनं 7 तास 40 मिनिटांत 321 मेंढ्या कातरल्या. पण त्याच्यापुढं मेंढ्यांची रांग संपतच नव्हती, आणि मेरिनोच्या एका अंगावर वर्षाला चार-पाच किलो मऊ लोकर असते. आपल्या दख्खनीच्या अंगावर एका खेपेला अर्धा किलोही नाही, तीही राठ. घोंगड्यालाच चालते, आणि घोंगडं विणणारे सणगर आता शोधावे लागतात.

मग कातरायचं तरी कशाला, असं तू विचारशील. लोकरीसाठी नाहीच. पावसाच्या आधी कातरलं नाही तर भिजलेली लोकर अंगावर वाळत नाही, बकरू खोकायला लागतं. पावसानंतर कातरलं नाही तर चिखल, कुसळं, गोचीड सगळं अंगावर घेऊन फिरतं आणि खाल्लेलं अंगाला लागत नाही. त्यामुळं वहीत मी कातरणी आता लोकरीच्या पानावरून काढून लस-औषधाच्या पानावर लिहिली. तिथं ती महाग वाटत नाही. एक नर कोकरू वजनात मागं पडलं तर त्याहून जास्त तोटा होतो.

आबांना म्हणालो, आज्जाच्या वेळी बरं होतं, कातरणी फुकटात व्हायची. आबा म्हणाले, फुकट कसली? पैरा होता. भावकीतली दहा घरं आज आमच्या वाड्यावर, उद्या त्यांच्या. आमची बकरी एका दिवसात व्हायची, पण पैरा फेडायला आज्जा पुढचे नऊ दिवस दुसऱ्यांच्या वाघरीत, म्हणजे बकऱ्यांच्या जाळीच्या कुंपणात, वाकलेला असायचा. शिवाय आमच्या दिवशी पंचवीस-तीस माणसांचं जेवण, आणि ते रांधायला तुझी आज्जी पहाटे तीनला उठलेली. ते कुणी वहीत लिहिलं नाही म्हणून तुला फुकट वाटतंय.

तर आता तुझं. तू एकट्यानं बारा बकऱ्यांसाठी गडी बोलावलास तर तोच पंधराशे घेणार, पेट्रोल-जेवण धरून एकवीसशे. वर्षातून दोन खेपा, बेचाळीसशे. बारा बकऱ्यांना हे परवडत नाही, सरळ सांगतो. मी मळ्यातल्या दोघांशी बोललोय. एकाची पंधरा, एकाची एकतीस. माझी धरून अडुसष्ट. म्हाताऱ्याला फोन केला (आधी माफी मागितली, तो हसला), तो चाळीसनं यायला तयार आहे. सत्तावीसशे वीस मजुरी, दोनशे पेट्रोल, सहाशे जेवण. बकऱ्यामागं बावन्न रुपये. तुझ्या बाराला दोन खेपांचे साडेबाराशे. म्हणजे माझं "हजारभर" शेजारी दोघं असतील तरच खरं.

यात एक धोका आहे. एका कळपाची खरूज दुसऱ्याला कातरीवरून लागते. अंगावर गाठी असलेलं बकरू असेल आणि त्याची गाठ फुटली, तर तीच कातर पुढच्याच्या जखमेतून रोग घालते. डॉक्टरांनी सांगितलंय, कोकरं आधी, मोठी नंतर, गाठीवाली सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक कळपानंतर कातर औषधाच्या पाण्यात. माझ्या परड्यात तिघांची बकरी एकत्र सोडायची नाहीत, तीन वाघरी वेगळ्या लावायच्या. पंधरावाल्याला हे पटत नाही, तो म्हणतो तुमचं फारच शास्त्र. बघू. अगदी दिवस भरत आलेली गाभण असेल तर तिला त्या दिवशी पाडायचं नाही, हेही तूच लक्षात ठेव, गडी विचारेलच असं नाही.

यंदा पट्टणकोडोलीच्या यात्रेला आला नाहीस. मी नऊ किलोतली पिशवीभर लोकर नेली होती, भंडाऱ्याबरोबर बिरदेवावर उधळली. एकशे आठ रुपयांतले दहा-बारा रुपये तिथं गेले असतील. बाकीचं पोतं माळ्यावर आहे, व्यापाऱ्याला दिलं नाही. आबा म्हणतात, पुढच्या कातरणीची धरून एक घोंगडं निघेल, सणगर शोध. जावळ मात्र मी वेगळं ठेवलंय, चार कोकरांचं मिळून ओंजळभरच आहे.

बकरी घेणार असशील तर जानेवारीच्या आत कळव, म्हणजे पावसाच्या आधीच्या खेपेला म्हाताऱ्याला ऐंशीचा आकडा सांगता येईल. तुझं गाव इथून लांब पडतं, तेव्हा कातरणीच्या आदल्या दिवशी तुझी बारा टेम्पोतून इकडं आणावी लागतील, ते भाडं मी धरलेलं नाही. आणि ते मशीन अजून खोक्यात आहे, बिलासकट. तुला कुत्र्याला वगैरे लागलं तर घेऊन जा.

तुझा,
बाळ्या