जुना संगणक भंगारात काढण्याआधी उघडून तर पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची अपडेट बंद केली. तेव्हापासून आमच्या पेठेत भंगारवाल्याच्या हातगाडीवर रद्दीच्या गठ्ठ्यांशेजारी चांगले धडधाकट सीपीयू दिसू लागले आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्या अटीत न बसणारे मशीन बिघडलेले असते असे नाही, पण दुकानात गेले की 'काका, याचं आता काही होणार नाही, नवीनच घ्या' एवढेच ऐकायला मिळते. याचा मला मनापासून राग येतो.

आमच्या शेजारच्या काकूंचा संगणक रोज सुरू करताना तारीख भलतीच दाखवायचा आणि बँकेची साइट उघडायला गेले की 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणायचा. एका दुकानदाराने मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, गेल्याचे सांगून टाकले होते. कॅबिनेटच्या बाजूचे दोन स्क्रू काढले, तर आत धुळीचा थर आणि मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चंदेरी सेल: सीआर २०३२, ३ व्होल्टचा. वीज बंद असताना संगणकाचे घड्याळ याच सेलवर चालते. तो संपला की तारीख मागे जाते. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. संगणकाची तारीखच त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर ते प्रमाणपत्र नाकारतो. सेल बदलला, तारीख लावली, बँक उघडली. मदरबोर्डला काहीही झालेले नव्हते.

'फार स्लो झालाय' ही दुसरी तक्रार. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि एक बारीक हेड माहिती शोधत त्यांच्यावर पुढेमागे फिरत असते. प्रोसेसर बिचारा तिची वाट बघत बसतो. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसते. तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक एसएसडी आणली आणि रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, ८ जीबी केली, तर दहा-बारा वर्षांचा संगणकही बघता बघता उभा राहतो. शिवाय काढलेली जुनी डिस्क आपल्याच कपाटात राहते. हे महत्त्वाचे आहे, कारण नुसते डिलीट केल्याने फोटो आणि आधारच्या प्रती पुसल्या जात नाहीत, आणि भंगारात दिलेली डिस्क कोणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही.

राहिला विंडोजचा प्रश्न. पत्रे लिहिणे, हिशेब, यूट्यूब, मुलांचा अभ्यास एवढेच काम असेल तर विंडोजऐवजी टाकता येणारी लिनक्स मिंट ही प्रणाली विनामूल्य आहे आणि ४ जीबी रॅमवरही चालते. त्यात मराठी इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, लिबरऑफिसचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात. ज्यांचे पोट श्रीलिपी (मराठी टंकलेखन) किंवा टॅली (हिशेब) यांसारख्या विंडोजसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरवर आहे त्यांना मात्र मी हा सल्ला देणार नाही. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची योजना जाहीर केली आहे, ती घ्यावी आणि तेवढ्या अवधीत पुढची सोय पाहावी.

लॅपटॉपच्या आयुष्यभरातील कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यात तयार होतानाच झालेला असतो. म्हणून तो चार-पाच वर्षे जास्त वापरणे हे कितीही चांगल्या पुनर्चक्रीकरणापेक्षा सरस आहे.

पुण्यात सोसायट्यांमधून ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमा होतात. त्या व्हाव्यातच. पण तिथे वस्तू टेम्पोत टाकण्याआधी तपासणीचे एक टेबल असावे: एक मॉनिटर, एक कीबोर्ड, दोन-चार सेल, लिनक्सचा एक पेनड्राइव्ह. अभियांत्रिकी महाविद्यालये या शहरात पैशाला पासरी आहेत. तिथली मुले दोन रविवार आनंदाने बसतील, आणि दुरुस्तीचे हे शिक्षण त्यांना वर्गात मिळत नाही. जे मशीन सुरू होईल ते जिल्ह्यातल्या एखाद्या गरजू शाळेला द्यावे, उरलेले अधिकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे जावे. महापालिकेने आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी पुढच्याच मोहिमेपासून हे सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०