“आता लेकी सांगा”

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

जेनेटिक कौन्सेलर, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या, म्हणून तुमच्याकडे कितीतरी घरं येत असणार, त्यात आमचं लक्षात राहिलं असेलच असं नाही. खूण सांगते. त्र्यंबकेश्वरच्या नारायण नागबळीची पावती तुमच्या टेबलावर ठेवणारे आमचे चुलत सासरे. घरातले कर्ते पुरुष चाळिशी-पन्नाशीत पटापट जातात, तर शांत करूनही फरक का नाही, असा त्यांचा तुम्हालाच प्रश्न होता.

तुम्ही हसला नाहीत. पावती नीट वाचलीत आणि विचारलंत, “तिथं नामावळ सांगितली असेल ना? कुणाकुणाची?” काकांनी आजा-पणजापर्यंत नावं घडाघडा म्हटली. तुम्ही कागदावर एकेका पुरुषासाठी चौकोन काढत गेलात आणि मग म्हणालात, “आता लेकी सांगा.”

इथं सगळे गप्प! दिल्या घरी गेलेल्या लेकी कुठल्या नामावळीत असतात? शेवटी चुलत सासूबाईंना फोन लावला, तेव्हा लेकींची वर्तुळं भरू लागली. मोठ्या आत्यांचे हात कोपरात कधी सरळ झाले नाहीत. लहानपणी झाडावरून पडल्या म्हणून, असं सगळे धरून चालले होते. त्यांचा धाकटा चवड्यांवर चालायचा, टाच टेकायचीच नाही. तो ऐन तिशीत झोपेतच गेला, आणि काय पुण्यवान मरण, असं लोक म्हणाले. तुम्ही फक्त वय विचारून वर्तुळं-चौकोन काळे करत राहिलात.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा एलएमएनए हे जनुकाचं नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही कणगीचं उदाहरण दिलंत: पेशीच्या केंद्रकाला आतून लॅमिन प्रथिनांची जाळी असते, कणगीच्या कामट्यांच्या विणीसारखी, आणि आतल्या बियाण्याच्या जागी डीएनए. विणीतच दोष असला की सतत ताणल्या जाणाऱ्या पेशी आधी खचतात, म्हणजे स्नायू आणि हृदय. (काकांना हे एका दमात कळलं, मला दोनदा ऐकावं लागलं.) १९९९ साली पॅरिसच्या संशोधकांनी याच जनुकातला बिघाड एमरी-ड्रायफस स्नायुविकाराच्या घराण्यांत शोधला. याच जनुकातल्या वेगळ्या बिघाडांनी कुणाच्या हातापायांवरची चरबी झडते, तर कुणा लेकराला प्रोजेरिया होऊन अकाली म्हातारपण येतं. आमच्या वाट्याला कोपरं, टाचा आणि हृदयाचे ठोके आले. हा दोष आई किंवा बाप, कुणाकडूनही येतो, आणि प्रत्येक मुलामागे शक्यता निम्मी.

पण हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते माझ्या जाऊबाईंबद्दल आहे. नाडी मंद म्हणून भाऊजींना पेसमेकर बसवला होता, तरी वर्षभरात ते गेले. लग्नाला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द त्यांनी किती वर्षं ऐकला, ते मी याच घरात राहून पाहिलंय. हळदीकुंकवाचं तर सोडाच, डोहाळजेवणालाही त्यांना मागच्या दारी बसवायचे. तुम्ही तो कागद काकांसमोर फिरवलात आणि भाऊजींच्या चौकोनावर बोट ठेवून म्हणालात, “हे यांच्याबरोबर जन्मालाच आलं होतं. लग्नाशी याचा संबंध नाही.” एवढंच. काका परतीच्या गाडीत काही बोलले नाहीत. त्या वर्षीच्या गौरीला ओटी भरायला मात्र जाऊबाईंना त्यांनी स्वतः पुढे बोलावलं. त्यांच्या वतीनेही तुमचे आभार. त्या स्वतः लिहिणार नाहीत.

पेसमेकर असून भाऊजी का गेले, हेही तुमच्याकडेच कळलं. तो मंद ठोके सांभाळतो. या आजारात अचानक उधळणारे ठोके थांबवायला आयसीडी हे वेगळं, गरज पडली तर आतून शॉक देणारं यंत्र लागतं. २००६ च्या फ्रेंच अभ्यासाचं तुम्ही सांगितलं होतं: पेसमेकरची गरज असलेल्या १९ रुग्णांना त्याऐवजी आयसीडी बसवलं, आणि सुमारे तीन वर्षांत त्यातल्या ८ जणांमध्ये त्या यंत्राला घातक ठोके थांबवावे लागले. माझ्या ह्यांचा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) जवळपास नॉर्मल होता, त्यामुळे एवढं महागडं यंत्र कशाला, असं घरात चाललं होतं. हृदयरोगतज्ज्ञांकडे तुम्ही चिठ्ठी दिलीत आणि ते बसलं. मागच्या तपासणीत नोंद निघाली की यंत्राने एकदा वेगाचे ठोके आपणहून आवरले होते. ह्यांना पत्ताही नव्हता, बहुतेक दुकानातच असतील.

पुतण्या पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटरचा सराव करत होता. त्याच्यातही तोच दोष निघाला आणि धावणं सुटलं. तुमच्यावर चिडून तो उठून गेला होता, आठवत असेल. आता तलाठी परीक्षेचा अभ्यास करतोय आणि ईसीजीच्या तारखा स्वतःच लिहून ठेवतो. माझी लेक एकोणीस वर्षांची आहे, तिने अजून तपासणी केलेली नाही. कधी करायची ते तिचं तिला ठरवू दे, हे तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत. मला जड जातंय, पण मी विचारत नाही.

मोठ्या आत्यांच्या घरचे तिघे पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येतील. आमच्या रिपोर्टची प्रत त्यांच्याबरोबर देते आहे, आणि त्यांच्याकडच्या लेकींची नावं मी आधीच लिहून घेतली आहेत.

तुमची कृतज्ञ,
या घरची धाकटी सून